पाण्याखाली चालणारी स्वस्तातली बॅटरी सुचवा, खोली फक्त दोन-तीन मीटर

अर्धाडुबका:
नमस्कार मंडळी. पोहायला मी चाळिशीत शिकलो, त्यामुळे हौस दांडगी आणि दम कमी अशी अवस्था आहे. गेल्या जानेवारीत मालवणला स्नॉर्केलिंग केलं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडकांत. तिथल्या गाईडने कमरेला लटकवलेली छोटी बॅटरी काढून एका कपारीत मारली तर आत दोन ठिपके निखाऱ्यासारखे चमकले. शेवंडीचे, म्हणजे लॉब्स्टरचे, डोळे! सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, आणि बॅटरी नसती तर मी तिच्यावरून तसाच तरंगत पुढे गेलो असतो. तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपली स्वतःची एक पायजे.

ऑनलाईन बघितलं तर तीनशेपासून आठ हजारांपर्यंत आहेत आणि झाडून सगळ्यांवर वॉटरप्रूफ लिहिलंय. एकीवर तर ९०,००० लुमेन (उजेडाचं माप), किंमत ७९९. मला स्कुबा वगैरे करायचं नाही. डुबकी मारून दोन-तीन मीटर, वर आलो, दम खाल्ला, परत खाली. शिवाय मे महिन्यात मामाच्या गावच्या विहिरीत. सेल चार्जर धरून बजेट १५००. कोणी वापरली असेल तर सांगा, आणि हे आयपीएक्स७, आयपीएक्स८ काय प्रकरण आहे तेपण.

झंप्या:
९०,००० लुमेनवाली घ्या, समुद्र उकळेल, मासे डायरेक्ट शिजूनच वर येतील.

चालता_बोलता:
मोबाईल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून फ्लॅश लावायचा, कशाला खर्च. मी रंकाळ्यावर पावसात तसाच वापरतो.

अर्धाडुबका:
@चालता_बोलता पावसात आणि पाण्याखाली यात फरक आहे हो. आणि मोबाईल बुडाला तर बायको मला परत बुडवेल.

रिकामा_इंजिनिअर:
आयपीएक्सचं सांगतो, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. शेवटचा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालेल. ६ म्हणजे जोराचा फवारा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली तरी आत पाणी नाही. ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीने स्वतः सांगायचं असतं. म्हणून नुसतं आयपीएक्स८ छापलंय आणि पुढे मीटर आणि मिनिटं नाहीत तर त्याला काही अर्थ नाही, कोणी दीड मीटरला ८ म्हणतो कोणी चाळीस मीटरला. आयपी६८ असं असेल तर मधला ६ धुळीचा, त्याचा पाण्याशी संबंध नाही.

दुसरं म्हणजे ही टेस्ट गोड्या पाण्यात होते, वस्तू स्थिर ठेवून आणि नवी कोरी असताना. तुम्ही खारट पाण्यात, हलवत, बटण दाबत, वाळू लागलेल्या हाताने वापरणार. म्हणून तीन मीटरला जायचं असेल तर तीन मीटरवाली घेऊ नका, तीस-चाळीस मीटर लिहिलेली डायव्हिंगची घ्या. महागच असते असं नाही, बिगरनावाच्या साध्या डायव्ह टॉर्च हजार-बाराशेतही असतात. मी तरी ७ लिहिलेली पाण्याखाली नेणार नाही, ती बोटीवर ठेवायला ठीक.

पट्टीचा_पोहणारा:
इंजिनिअर साहेबांशी सहमत, त्यात अजून एक. आपण हात मारतो तेव्हा पाण्याचा मार बसतो त्याने प्रेशर कितीतरी पटीने वाढतं, म्हणून घड्याळावर ३० मीटर लिहिलेलं असलं तरी ते घालून पोहू नका म्हणतात.

रिकामा_इंजिनिअर:
हे सगळीकडे ऐकायला मिळतं पण गणित करून बघा राव. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरला तरी त्याने वाढणारा दाब जेमतेम वीस सेंटिमीटर पाण्याएवढा. म्हणजे वीतभर खोल गेल्यासारखं. खरा मार बसतो उडी मारताना. जितक्या उंचावरून उडी, निदान तितक्या मीटरचा जास्तीचा दाब क्षणभर येतो, आपटली तर त्याहून जास्त. विहिरीच्या काठावरून चार मीटर सूर मारलात तर हातातल्या बॅटरीला पाण्यात शिरतानाच चार मीटर खोलीचा धक्का बसला असं धरा.

आणि एक गंमत, जी कोणी सांगत नाही. बॅटरी होडीच्या फळीवर उन्हात तापत पडली, ४५ अंश झाली, आणि तशीच २७ अंशाच्या पाण्यात घातली, तर आतली हवा थंड होऊन आकसते. आतला दाब साधारण पाच-सहा टक्के कमी होतो, म्हणजे अर्धा मीटर पाण्याएवढी ओढ आतल्या बाजूने. सील जरा जरी कमजोर असेल तर ती पहिल्याच मिनिटाला पाणी ओढून घेते. मग लोक म्हणतात "एक मीटरपण गेलो नव्हतो आणि पाणी गेलं". सावलीत ठेवा, ओल्या टॉवेलखाली.

पट्टीचा_पोहणारा:
बरं बाबा, हात मारायचं मागे घेतो. वीतभर.

पंचगंगेचा_मासा:
माझी अक्कल खर्चून शिकलेली गोष्ट सांगतो. पयली घेतलेली ती शेपटाला रबरी बटणाची हुती. दुकानात भारी वाटायची टकटक करायला. पाण्यात गेल्यावर दोन मीटरला ते रबर दाबाने आत जायचं आणि लाईट आपोआप बंद चालू व्हायला लागली, जणू पाण्याखाली भूत. दुसऱ्या उन्हाळ्यात रबराला चीर गेली आणि आत पाणी, सेल गंजून हिरवा, बाहेरच निघंना. तवापासून नियम एकच, भोक जितकी कमी तितकी बॅटरी चांगली. डोकं पिळून चालू होणारी घ्या नायतर चुंबकाच्या सरकत्या बटणाची. चुंबकवाल्यात बटण बाहेरच्या बाहेर सरकतंय, भिंतीला भोकच नसतंय. पिळायच्या प्रकारात एक खोड आहे, पाण्याखाली बंद करायला म्हणून फार सैल केलं तर तिथनंच पाणी शिरतंय. म्हणून वरच चालू करायची आणि वर येऊन पुसूनच बंद करायची.

आणि हो, चार्जिंगचं भोक अंगावरच असलेली, वर रबराचं झाकण असलेली, ती तर अजिबात नको. ते झाकण म्हणजे कौलारू घराला पत्र्याचा तुकडा लावल्यासारखं.

मालवणी_झील:
कपारीत बॅटरी मारूची कल्पना चांगली आसा, पण आधी दोन गोष्टी सांगतंय. शुद्ध लिवतंय नायतर अर्ध्यांका कळाचा नाय.

पाणी नितळ असतं ते दिवाळीनंतर, डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. वारा फिरला किंवा लाटा वाढल्या की गाळ उठतो, मग दोन हातांवरचं पण दिसत नाही, तेव्हा हजाराची बॅटरी काय आणि लाखाची काय. जून ते ऑगस्ट तर सगळंच बंद. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. त्यामुळे कपारीत बघा, हात घालू नकात. हात घालण्यासारखं तिथे काही नसतंच, वाम (सापासारखा लांब मासा) असते, काटेवाले मासे असतात. खडकार पाय ठेवन उभे रव नकात. शेवंड दिसली तर तिच्या डोळ्यावर मिनिटभर लाईट धरून फोटो काढत बसू नका, ती बिचारी मागे मागे सरकत जाते.

आणि रातचे पाण्यात जावचा डोक्यात असात तर काढून टाका. एलईडी लावून मासेमारी करण्यावर २०१७ पासून बंदी आसा. रात्री पाण्यात उजेड दिसलो की किनाऱ्यावरची माणसा आधी आरडाओरड करतत, मगे विचारतत तुमी कोण ते. शिवाय सुईसारख्या लांब चोचीचे मासे उजेडाकडे उसळून येतात, ते लागले तर चांगली जखम होते. होड्या असतात त्यांना तुमचं डोकं दिसत नाही. दिवसा जावा, गाईडाबरोबर जावा.

अर्धाडुबका:
@मालवणी_झील रात्रीचा विचार नाहीच, पक्कं. दिवसाच कपारी बघायच्यात. लुमेन किती घ्यावेत मग? एका दुकानदाराने सांगितलं जितके जास्त तितकं चांगलं.

आंबोलीचा_धुकाडा:
दुकानदाराला कधी आंबोली घाटात धुक्यात गाडी चालवायला न्या. अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, काही म्हणजे काही दिसत नाही, डिप्पर केला की रस्ता दिसतो. पाण्यात तरंगणारे कण म्हणजे तेच धुकं. सगळीकडे फाकणारा भडक लाईट मारलात तर तुमच्या आणि माशाच्या मधले कणच उजळणार. म्हणून अरुंद झोताची पायजे, आणि धरायची नाकासमोर नाही तर हात लांब बाजूला करून, म्हणजे कण उजळले तरी डोळ्याकडे परत येत नाहीत. खऱ्या २००-३०० लुमेनमध्ये कपारीचं काम आरामात होतं. खऱ्या म्हणतोय, छापलेल्या नाही.

दिवसा बॅटरी लागते त्याचं अजून एक कारण, रंग. पाणी आधी लाल रंग खातं. तीन-चार मीटरलाच लालातली जान जायला लागते, सगळं हिरवट-निळसर दिसतं. जवळून लाईट मारला की लाल, केशरी परत येतात. तोच करडा वाटणारा खडक लाईट मारल्यावर रंगपंचमी खेळल्यासारखा दिसतो. यासाठी जरा पिवळसर लाईट असेल तर अजून छान, पण स्वस्तात सगळे पांढरेफटकच मिळतात, चालवून घ्यायचं.

गृहिणी_डायव्हर:
सेलचं कोणीच बोलत नाहीये. १८६५० नावाचा जो जाडसर लिथियम सेल येतो, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब म्हणून ते नाव, त्याची खरी क्षमता जास्तीत जास्त साडेतीन हजार एमएएचच्या आसपास. त्यावर ९९०० लिहिलेलं दिसलं की समजायचं लिहिणारा खोटारडा आहे, आणि जो सेलवर खोटं लिहितो तो लुमेनवर, मीटरवर खरं कशाला लिहील? मी तर बॅटरीचा खरेपणा सेलवरूनच ओळखते. आठ तास चालते असं असेल तर तेही विचारायचं, कारण चालण्याचा वेळ मोजायची जी पद्धत आहे त्यात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे शेवटचे कितीतरी तास देवघरातल्या समईएवढा उजेड.

एवढ्याशा कामाला मी पेन्सिल सेलवाली सुचवेन. रिचार्जेबल निकेलवाले पेन्सिल सेल घ्या, कुठेही मिळतात, घरी रिमोटला पण चालतात, आणि पाणी गेलंच तर लिथियमएवढं घाबरायचं कारण नाही. साधे अल्कलाईन सेल बंद बॅटरीत महिनोन्‌महिने ठेवू नका, त्यातून हायड्रोजन सुटू शकतो आणि हवाबंद नळीत त्याला जायला जागा नसते. डायव्हिंगच्या चांगल्या बॅटऱ्यांना त्यासाठी वाल्व असतो, स्वस्तात नसतो. काम झालं की सेल बाहेर.

लिथियमवाली घेतलीत आणि आत पाणी गेल्याचं दिसलं, तर लगेच पिळून उघडायची घाई नको. आत गॅस साठलेला असू शकतो. लांब ठेवायची, उघडताना तोंड स्वतःकडे किंवा कोणाच्या अंगावर करायचं नाही, हळू हळू सैल करायचं. माझ्या ओळखीतल्या एकाचं झाकण फटाक्यासारखं उडून छताला लागलं होतं. माणूस वाचला, पंखा वाकला.

झंप्या:
पंखा वाकला 😂 पण ताई हे भारी सांगितलंत, मी तर हलवून कानाला लावून बघत असतो आत पाणी आहे का.

चालता_बोलता:
एवढं सगळं वाचून आता मला पण घ्यावीशी वाटायला लागली. पोहता येत नाही ते सोडा.

अर्धाडुबका:
ताई, घेतल्यावर घरी तपासायची कशी? समुद्रात जाऊन कळण्यात अर्थ नाही, तोवर परत करायची मुदत संपलेली असते.

गृहिणी_डायव्हर:
सेल काढा. आत कोरड्या टिश्यू पेपरची गुंडाळी घाला, झाकण घट्ट. रात्रभर बादलीत, वर वरवंटा नाहीतर वीट, कारण प्लास्टिकवाल्या तरंगतात. सकाळी बाहेरून नीट पुसून उघडा, टिश्यू दमट असेल तर परत. पुसायचं विसरलात तर झाकणाच्या आट्यांतलं पाणी टिश्यूला लागतं आणि उगाच चांगल्या बॅटरीला नावं ठेवाल. बादलीत जेमतेम फूटभर पाणी असतं हे मात्र लक्षात ठेवा, ती पास झाली म्हणजे सगळं झालं असं नाही.

विहीरवाला_तात्या:
बादलीच्या पुढची परीक्षा आमच्याकडे आहे. सुंभाच्या दोरीला बॅटरी बांधायची, खाली दगड, आणि विहिरीत दोन पुरुष पाण्यात अर्धा तास सोडून द्यायची. दोन पुरुष म्हणजे तुमचे तीन-साडेतीन मीटर झाले. तिथून टिश्यू कोरडा आला तर घ्या बिनधास्त.

पण अर्धाडुबका, तुम्ही विहिरीत उतरणार म्हणालात म्हणून दोन शब्द वडीलधाऱ्याचे. विहिरीत मोटर असेल तर स्टार्टर बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून खिशात घालायचे आणि मग पाण्यात पाय. पाण्यात करंट उतरून माणसं गेलीत. वापरात नसलेल्या, वरून झाकलेल्या विहिरीत तर उतरूच नका, आत वायू साठतो, माणूस शिडीवरच गार पडतो. आणि वर एक माणूस पायजेच, पोहणारा, मोबाईल बघत बसणारा नको. दम धरून डुबक्या मारताना आधी खूप जोरजोरात श्वास घेऊ नका. त्याने दम वाढल्यासारखा वाटतो पण पाण्यातच शुद्ध हरपते, कळतसुद्धा नाही.

पंचगंगेचा_मासा:
तात्या १०० टक्के बरोबर. अजून एक, मनगटाला दोरी बांधायची पण फास नको, ओढली की निसटंल अशी. विहिरीत मुळं, वायरी, जुने दोर असत्यात, अडकलं तर हात सोडवता आला पायजे.

रिकामा_इंजिनिअर:
सीलची निगा पण लिहून ठेवतो. डोकं आणि नळी जिथे जुळतात तिथे काळं गोल रबर असतं, ओ रिंग. सगळा खेळ त्याचा आहे. दोन रिंगा असतील तर उत्तम. दर वेळी उघडल्यावर एक केस, एक वाळूचा कण नाही ना बघायचं, बोट फिरवून. वर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, चकाकी येईल एवढाच. थापायचं नाही, जास्त ग्रीसला वाळू चिकटते. व्हॅसलीन, खोबरेल लावू नका, काही जातीचं रबर त्याने फुगतं. मात्र रिंग स्वतः सिलिकॉनची असेल, बहुधा लाल किंवा पारदर्शक असते, तर सिलिकॉन ग्रीसनेच ती फुगू शकते. काळी असेल तर बहुतेक नायट्राईल, तिला चालतं. समुद्रातून आल्यावर बंद स्थितीतच गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर. खारट पाणी झाकणाच्या आट्यांत वाळलं की मीठ धरतं, तेच मीठ पुढच्या वेळी रबर कापतं.

डायव्हिंगची बॅटरी हवेत फुल्लवर फार वेळ लावू नका, तिला पाण्याने थंड राहायची सवय असते.

अर्धाडुबका:
अपडेट देतो, उशीर झाला त्याबद्दल माफी.

पहिली घेतली ती ६५० ची, वॉटरप्रूफ १०० मीटर असं मोठ्या अक्षरात. बादलीतच नापास. टिश्यू नुसता ओला नाही, लगदा. परत केली. दुसरी घेतली ११८० ची, पेन्सिल सेलवाली, डोकं पिळायची, दोन काळ्या रिंगा, डब्यावर ४० मीटर आणि ३०० लुमेन. दिसायला अगदीच बावळट, पिवळं प्लास्टिक, लहान मुलाच्या खेळण्यासारखी. बादलीत पास. मग मामाच्या गावी तात्यांच्या पद्धतीने दोरीला दगड बांधून विहिरीत सोडली. मामा काठावर उभा राहून विचारतोय "काय रे, काय पकडतोयस?" कोरडी आली!

मेन पाडला, फ्यूज मामाच्या खिशात, मामेभाऊ काठावर, आणि उतरलो. पायऱ्यांवरून उतरलो, उडी नाही मारली. वरून पाणी काळं वाटतं पण लाईट मारल्यावर दगडी बांधकामाचे सांधे दिसले, त्यात बारके खेकडे. तळाला एक कळशी, एक चप्पल, आणि मोटरच्या फूटव्हॉल्व्हला गुंडाळलेली युरियाची गोणी. मोटर पाणी कमी ओढते म्हणून मामा दोन महिने मिस्त्रीला शिव्या देत होता. तीन डुबक्यांत गोणी सोडवली. मामा म्हणाला बॅटरी इथेच ठेवून जा.

मालवण डिसेंबरात. एका दिवशी पाणी गढूळ, काहीच नाही दिसलं, झील म्हणाले तसंच. दुसऱ्या दिवशी चांगलं. हात बाजूला करून मारायचं ते खरंच काम करतं, नाकासमोर धरली की चुरमुरे उधळल्यासारखे कण. शेवंड नाही दिसली यावेळी. एका कपारीत वाम होती, तोंड उघडमीट करत, मी लाईट मारला आणि मीच पहिला मागे सरकलो. आणि एक करडा खडक लाईट मारल्यावर विटकरी लाल झाला, तेव्हा धुकाडा यांची आठवण आली.

मालवणी_झील:
वाम आपली श्वास घेता तशी तोंड उघडून, ती तुमका घाबरवत नव्हती. पुढच्या वेळेक येशात तेव्हा सांगा, शेवंडीची जागा दाखवतंय. फोटो काढूचो नाय ह्या अटीर.

पंचगंगेचा_मासा:
सिलिकॉन ग्रीस कुठं मिळालं ते सांगा की, आमच्याकडं दुकानदार इंजिनचं ग्रीस काढून द्यायला लागलेत.

अर्धाडुबका:
पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस करायला जो माणूस येतो त्याच्याकडे असतं. हाऊसिंगच्या रिंगेला लावतात. वीस रुपयांत छोट्या डबीत काढून दिलं, वर्षभर पुरेल. ओ रिंग बेअरिंग आणि ऑईल सीलच्या दुकानात, जुनी रिंग बरोबर न्या आणि तिच्या मापाच्या दोन जादा घ्या. मी नाना पेठेत घेतल्या, दुकानदाराने कशाला पायजे विचारलं, मी म्हटलं शेवंडी बघायला. त्याने पैसे घेतले आणि काही बोलला नाही.

चालता_बोलता:
मी पोहायचा क्लास लावलाय. बॅटरी आधीच घेऊन ठेवली.